कानाला हात लागेपर्यंत

आमच्या बाईंबरोबर एसटीनं कुठं जायचं म्हणजे मला धडकी भरायची. शेजारच्या बाकावर कुणाचं लहान मूल दिसलं की बाईंचे हात शिवशिवायला लागायचे. आधी त्या मुलाकडे बघून हसायच्या, मग नाव विचारायच्या, आणि आईबापांना काही कळायच्या आत त्याचा उजवा हात धरून डोक्यावरून पलीकडे डाव्या कानाकडे न्यायच्या. बोटं कानाला लागली की "गेलं हे" म्हणून सुस्कारा. नाही लागली की चेहरा फुलायचा.

एकदा न्हावऱ्याहून शिरूरला येताना एका शेतकऱ्याच्या मांडीवरच्या पोराचा हात त्यांनी असाच नेला. पोराची बोटं कानाच्या बरीच वर अडली.

"अजून वर्ष आहे याला," बाई समाधानानं म्हणाल्या.

शेतकऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजी? वरीसच?"

"फार तर सव्वा."

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "खातंय, पितंय की वो पोरगं. काय झालंय त्याला?"

शेवटी मला मध्ये पडावं लागलं. "दादा, घाबरू नका. या बालवाडीच्या बाई आहेत. पोराला पहिलीत बसायला वर्ष आहे, असं म्हणतायत." त्या माणसाला इतकं हायसं वाटलं, की त्यानं पिशवीतली काकडी काढून आम्हा दोघींना दिली. त्याची बहीण शिरूरातच दिलेली होती. पुढच्या सोमवारी ते पोरगं आत्याकडे राहायला आलं आणि आमच्या पटावर चढलं. बाईंना वाटलं हे आपण ठरवूनच केलं.

आता हे कानाचं प्रकरण सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना जन्मतारीख असते. तेव्हा नसायची. आई सांगायची, "म्हस व्याली त्या वर्साचं हाय," आणि म्हशीची तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची. म्हणून डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं झालं, पहिलीत घाला, असा सगळीकडे हिशेब होता. कान धरता येत नाही तोवर ते बालवाडीचं. पहिलीची शाळा आणि आमची बालवाडी यांच्यामध्ये एक भिंत होती. भिंतीच्या पलीकडे हेडमास्तर, अलीकडे आमच्या बाई. दोघांनाही आपापला पट टिकवायचा होता आणि गावात मुलं तेवढीच.

"बाई, माझी पोरं सोडा," हेडमास्तर दर जूनला भिंतीपाशी येऊन म्हणायचे.

"कानाला हात लागेपर्यंत माझी. लागला की तुमची," बाईंचं उत्तर ठरलेलं.

मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले, तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. सातवी पास सून घरात बसून काय करणार, म्हणून सासऱ्यांनीच शब्द टाकला. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "माहेर कुठलं?"

"राहू."

"राहूची आहेस? मग राहशील," म्हणाल्या, आणि माझ्या हातात केरसुणी दिली. झाली नेमणूक.

बाई उंच, हाडापेरानं रुंद, रंगानं सावळ्या. पांढरं पातळ, डोळ्यांना चष्मा, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि काखेत उन्हापावसाची काळी छत्री. मिशनच्या आवारात एका खोलीत राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एकीनं विचारलं तर म्हणाल्या, "वेळ झाला नाही. जूनमध्ये नावं घालायची असतात, दिवाळीत गळती लागते, मग उन्हाळा येतो." रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसायच्या आणि प्रार्थना चालू असताना अर्धं तोंड मागं वळवून पोरं मोजायच्या. पाळकांनी एकदा त्यांना त्यावरून बोलूनही दाखवलं होतं.

शाळा भरायची ती नगरहून येणारी सकाळची गाडी रस्त्यावरून गेली की. बाईंकडे घड्याळ नव्हतं आणि त्यांना ते नकोही होतं. गाडी उशिरा आली तर शाळा उशिरा. गाडी एकदा घोडनदीच्या पुलापाशी बंद पडली, तेव्हा सगळी पोरं अंगणात खेळत राहिली आणि बाई रस्त्याच्या कडेला छत्री टेकून वाट बघत उभ्या. मी म्हटलं, "बाई, घंटा देऊ का?" तर म्हणाल्या, "गाडीशिवाय? अशी कशी देशील?"

रडणाऱ्या पोरांसाठी त्यांचा एक तोडगा होता. पहिल्या दिवशी आई सोडून गेली की पोरं काय रडायची, सांगता सोय नाही. बाई कुणाला कडेवर घ्यायच्या नाहीत, उगी उगी म्हणायच्या नाहीत. फडताळातून एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली काढायच्या. तीत मूग आणि चवळी मिसळलेली. ती रडणाऱ्यापुढे ठेवून म्हणायच्या, "मला मेलीला दिसत नाही रे नीट. एवढं निवडून देतोस?" पोरगं हुंदके देत देत एक मूग उचलायचं, एक चवळी उचलायचं. थोड्या वेळानं हुंदके थांबायचे आणि जीभ बाहेर काढून काम सुरू व्हायचं. निवडून झालं की बाई म्हणायच्या, "वा, आता उद्या ये हं." आणि शाळा सुटली की तेच मूग, तीच चवळी पुन्हा मिसळून ठेवायच्या. मी आल्या आल्या हे पाहिलं तेव्हा मला बाई थोड्या सरकलेल्याच वाटल्या.

"रडणाऱ्याला मिठी नको, काम दे," त्या मला म्हणाल्या. "मिठीनं रडू वाढतं."

पट म्हणजे नुसता आकडा, असं बाई मानत नव्हत्या. त्यांच्या मनात गावाच्या आळ्या होत्या. बाजारपेठेतली मारवाड्याची नात, मिशनच्या आवारातली पोरं, नदीकडच्या मळ्यातली माळ्यांची, अत्तराच्या बाटल्या विकणाऱ्या चाचांचा नातू, बुद्धवाड्यातली जुळी, रामोश्याची एक चुणचुणीत पोरगी. प्रत्येक आळीचं निदान एक मूल पाहिजेच. एका आळीची दोन पोरं शेजारी बसू द्यायच्या नाहीत. "एका भाजीचं जेवण कशाला? चार भाज्या असल्या की ताट बरं दिसतं," म्हणायच्या.

मधल्या सुट्टीत पावडरीचं दूध मिळायचं. काही आया घरून आपली वाटी पाठवायच्या आणि माझ्या कानात सांगायच्या, "आमच्याला ह्याच वाटीत द्या बरं का." मी त्याप्रमाणे मांडायची. मग बाई यायच्या, सगळ्या वाट्या परातीत गोळा करायच्या आणि उलट्यासुलट्या वाटायच्या. मग कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अरेच्चा, गोंधळ झाला की." असा गोंधळ त्यांच्याकडून रोज व्हायचा. हळूहळू घरच्या वाट्या येणं बंद झालं.

फक्त एका आळीचं मूल आमच्याकडे नव्हतं. वरच्या आळीचं. हेडमास्तरांचं घर त्याच आळीत. त्यांना एक नात होती. बाई दर जूनला त्यांच्या दारात छत्री टेकून उभ्या राहायच्या. हेडमास्तर आतून म्हणायचे, "आमच्यात अक्षरं घरीच गिरवतात." बाई म्हणायच्या, "अक्षरं गिरवा हो. भांडायला कुणाशी शिकणार ती?" मग दोघंही हसायची आणि बाई परत यायच्या. हसायची खरी, पण परत येताना बाई छत्रीच्या टोकानं वाटेतले दगड उडवत यायच्या.

पोरं आमच्याकडे राहावीत म्हणून गावातल्या आयाही आमच्या बाजूच्या होत्या. दूध होतं, मारणं नव्हतं, आणि पोर बालवाडीत असलं की पाठीमागचं धाकटंही कधीमधी बरोबर धाडता यायचं. म्हणून त्यांनी पोरांना एक विद्या शिकवून ठेवली होती. डोक्यावरून हात न्यायचा आणि कानाजवळ आला की बोटं आखडून घ्यायची. चेहरा असा करायचा, की जीव चालला तरी पोचत नाही. ही नक्कल शिरूरच्या पोरांइतकी सुरेख कुठलीच पोरं करत नसतील. हेडमास्तर ताणून ताणून दमायचे.

पण तेही काही कमी नव्हते. एका जूनला खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन आले. गोळी पोराच्या डाव्या कानाशी धरायची आणि म्हणायचं, "डोक्यावरून हात नेऊन घे, म्हणजे तुझी." आखडलेली बोटं भराभर सुटली. चांगली पाच-सहा पोरं गोळ्या चघळत त्यांच्यामागून भिंतीपलीकडे गेली. बाई बाहेर आल्या तेव्हा रांग निम्मी.

"मास्तर, गोळीसाठी उचललेला हात मी धरत नाही," बाई भिंतीवरून ओरडल्या.

"लागला की नाही कान? तुमचाच नियम," पलीकडून उत्तर आलं.

दोन दिवस बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून एक लिमलेटची गोळी पलीकडे टाकून म्हणाल्या, "ही राहिली होती." झाला समेट.

नव्या पोरांची तजवीज त्या फार आधीपासून करायच्या. गावात कुठंही बारसं असो, बोलावणं असो नसो, बाई हजर. ख्रिस्ती रीतीनं "सलाम, सलाम" म्हणत पाळण्यापाशी जायच्या, बाळाच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि घरच्यांना सांगायच्या, "नाव तुम्ही ठेवा. शाळेत घालीन मी." सासवांना ते आवडायचं नाही. पोर अजून मान धरत नाही आणि ही बया त्याची शाळा ठरवते. पण चार वर्षांनी त्याच सासवा पोराला घेऊन आमच्या दारात उभ्या असायच्या.

आता मंजुळाचं सांगते. मी बाईंचं जे काही सांगते आहे ते तिच्या गोष्टीसाठीच.

मंजुळा नदीकडच्या वस्तीवरची. बाप गुऱ्हाळावर, घरी महिनोन् महिने नाही. आई कांद्याच्या वखारीत कांदे निवडायला जायची. मंजुळाच्या कडेवर कायम धाकटा भाऊ, बाळ्या. पोरगी एवढीशी आणि कडेवर तो गलेलठ्ठ. चालायची तेव्हा एका अंगाला कलूनच चालायची. पहिलीच्या वर्गात कडेवर पोर घेऊन बसू देत नव्हते, आणि बाळ्याला ठेवायचं कुणाकडे? आमच्याकडेही तीन वर्षांखालचं मूल पटावर घेता येत नव्हतं. पण बहिणीबरोबर आलं तर कोण विचारतं? म्हणून मंजुळा आमच्याकडे. दर जूनला बाई तिचा हात डोक्यावरून न्यायच्या, दर जूनला ती कानाजवळ बोटं आखडायची, आणि बाई म्हणायच्या, "अजून नाही पोचत." असं ते तिसरं वर्ष होतं.  माझ्या मते बाई पुण्याचं काम करत होत्या.

त्या वर्षी तालुक्याच्या ऑफिसातून कळवलं, की ज्या बालवाडीचा पट ठरलेल्या आकड्याखाली जाईल ती बंद होईल. सोमवारी साहेब येऊन डोकी मोजणार. आम्ही मोजलं. मंजुळाला धरून आकडा बरोबर भरत होता. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाईंनी देवाचे आभार मानले आणि मी मनात खंडोबाचे.

शुक्रवारी शाळा सुटताना हेडमास्तर भिंतीपाशी आले. या वेळी हसत नव्हते.

"बाई, ती कडेवर पोर घेतलेली मुलगी. आज माझ्या शाळेत ती दुसरी-तिसरीत असती."

"तिचा भाऊ कोण सांभाळणार? तुम्ही?"

"ते मला माहीत नाही. पण एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही पट राखताय. पोरगी नाही राखत."

एवढं बोलून ते गेले.  मला हेडमास्तरांचा असा संताप आला, की बस्स. ज्याची स्वतःची नात दाराबाहेर पडत नाही, त्यानं आमच्या बाईंना शिकवावं? मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "ते राहू दे. तो म्हणतो ते खोटं आहे का, तेवढं सांग." मी केरसुणी उचलली आणि अंगण झाडायला लागले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. पोरं दूध पीत होती. भिंतीपलीकडे पाढे चालले होते. सोळाचा पाढा. "सोळा पंचे ऐंशी, सोळा सक शहाण्णव, सोळा साते..." आणि वर्ग अडला.  हेडमास्तरांची छडी टेबलावर वाजली, तरी कुणाला येईना.

"बारोदरसे," आमच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं.

एकशे बाराला पाढ्यात बारोदरसे म्हणतात. मी वळून पाहिलं. भिंतीला पाठ लावून मंजुळा बसली होती. बाळ्याला मांडीवर थोपटत होती आणि त्या थोपटण्याच्या तालावर पुढचं पुटपुटत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीतून जेवढं आलं तेवढं तिनं घेतलं होतं, तीन वर्षं.

बाईंनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं.

"मंजुळे, इकडं ये."

ती बाळ्याला घेऊन आली. तिला वाटलं, मध्येच बोलली म्हणून रागावणार.

"त्याला खाली ठेव. हात डोक्यावरून ने."

मंजुळानं हात नेला आणि सवयीनं कानाजवळ आणून बोटं आखडली.

"पुढं ने," बाई म्हणाल्या.

मंजुळा त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कान लागंल, बाई."

"लागू दे."

बोटं सुटली. कान तर लागलाच, तळहात सगळा गालावर आला. बाईंनी तिचा तो हात तसाच धरला आणि तिला भिंतीपलीकडे घेऊन गेल्या. मी बाळ्याला उचलून मागून गेले. हेडमास्तर दारात आले.

"घ्या," बाई म्हणाल्या. "कान लागला."

हेडमास्तर गडबडले. "आज? बाई, परवा मोजणी आहे. मंगळवारी पाठवा. मी काय म्हणालो म्हणून लगेच..."

"मोजणी माझी आहे. पोरगी तुमची आहे. सोळाचा येतो तिला. पुढचं तुम्ही बघा."

बहीण दिसेनाशी झाली तसा बाळ्यानं जो सूर लावला, तो बाजारपेठेत ऐकू गेला असेल. मी ताटली आणायला धावले, पण मूग-चवळी निवडायचं त्याचं वय नव्हतं. तेव्हा जन्मात कुणाला कडेवर न घेतलेल्या आमच्या बाईंनी त्याला उचललं. धरायचं कसं तेही त्यांना नीट माहीत नव्हतं. छत्री धरावी तसं काखेत धरलं होतं. तो आणखी ओरडला, मग थकला आणि त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत झोपला.

दुपारी मंजुळाची आई धावत आली. हाताला कांद्याच्या साली चिकटलेल्या. "बाई, पोरगी पल्याड बसली म्हनं. मग ह्याला कुठं ठिवू? मला तिला घरीच बशिवली पायजे."

"घरी बसवायची नाही. हा माझ्याकडं."

"ह्याला पटावर न्हाई घेत म्हनं."

"पटावर नाही. कडेवर आहे."

तिनं हाताच्या साली झटकल्या. "आन् सोमवारी तुमची शाळाच मोडली, म्हंजी?"

"तर याला माझ्या खोलीवर नेईन. आवारात चिंच आहे, झोळी बांधता येईल. तू कांदे निवड जा."

रविवारी मी वेड्यासारखी आळ्या पालथ्या घातल्या. एक मूल पाहिजे होतं, कानाला हात न लागणारं. पण बाईंनी गावात एक उरू दिलं असेल तर ना. जे होतं ते पटावरच होतं, नाहीतर पाळण्यात. संध्याकाळी मी बाईंच्या खोलीवर गेले. बाई देवळातून येऊन पायरीवर बूट पुसत बसल्या होत्या. मी चाचरत म्हटलं, "बाई, उद्याच्या पुरती मंजुळाला बसवू या का? एक दिवस. साहेबांपुढं बोटं आखडेल ती."

"आता नाही आखडणार," बाई म्हणाल्या. "सांगितलं तरी नाही आखडणार. एकदा लागला की लागला."

सोमवारी नगरची गाडी वेळेवर गेली. शाळा वेळेवर भरली. साहेब आले, खुर्चीवर बसले, पोरं उभी करून मोजली. चांगला माणूस होता, दुसऱ्यांदा मोजली.

"बाई, एक कमी येतंय."

"हो," बाई म्हणाल्या. "एक कमी आहे." कडेवर बाळ्या होता. त्यानं बाईंच्या चष्म्याची काडी तोंडात धरली होती.

"आणि हे?"

"हे लिंबूटिंबू. पटावर नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना ते बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं; पण काढलं.  त्या दोन खोल्या, ती परात, ती ताटली, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. हेडमास्तर. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी आणि बोटाला धरलेली त्यांची नात. परकर-पोलकं, दोन घट्ट वेण्या, हातात चांदीची वाटी. घरात काय काय झालं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाव घालायचंय," ते म्हणाले. बाईंकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही. वर कौलांकडे बघत म्हणाले.

 साहेबांच्या तोंडावर हसू आलं. आणि आमच्या बाई काय म्हणाल्या असतील?

"थांबा. आधी हात बघू."

त्या क्षणी मला बाईंचा गळा धरावासा वाटला. शाळा बुडत होती, कुणीतरी दोर टाकला होता, आणि ही बाई दोराची लांबी मोजत होती. बाळ्याला माझ्याकडे देऊन त्या मुलीपुढे उकिडव्या बसल्या, तिचा उजवा हात धरला आणि डोक्यावरून पलीकडे नेला. मुलीनं हात ताणला. चेहरा लाल झाला. बोटं कानाच्या वर थांबली. ती खरोखर पोचत नव्हती, की आजोबांनी घरून निघताना काही सांगितलं होतं, ते मला ठाऊक नाही. बोटं आखडली होती का, ते मी बघितलंच नाही. हेडमास्तर अजून कौलंच बघत होते.

"नाही लागत," बाई म्हणाल्या. "माझी."

साहेबांनी आकडा लिहिला, चहा घेतला आणि दौंडच्या गाडीला गेले.

मग मधली सुट्टी झाली. मी दूध केलं. हेडमास्तर अजून दारातच रेंगाळत होते. बाईंनी परातीत सगळ्या वाट्या गोळा केल्या. चांदीची वाटीही त्यात टाकली. वाटताना ती रामोश्याच्या पोरीपुढे गेली, आणि हेडमास्तरांच्या नातीपुढे एक पोचे आलेली जर्मनची वाटी आली.

"अरेच्चा, गोंधळ झाला की," बाई म्हणाल्या.

नातीनं वाटी तोंडाला लावली होती. हेडमास्तरांनी टोपी सारखी केली. "होतो गोंधळ," म्हणाले, आणि आपल्या वर्गावर गेले.

मला इतका आनंद झाला होता, की मी वाट्या विसळताना गाणं म्हणत होते. पोरं अंगणात होती. विसळून आत आले तर बाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या. बाळ्या त्यांच्या मांडीवर झोपलेला. पलीकडे पाढे चालू होते आणि सगळ्या आवाजांच्या वर एक नवा, बारीक, अगदी न अडखळणारा आवाज येत होता. तो आवाज तीन वर्षं आमच्या बाजूला होता. बाई ऐकत होत्या आणि रडत होत्या. आवाज न करता, पण पहिल्या दिवशीच्या पोरासारखं नाक ओढत. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन बसावं, पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं.

पण मी त्यांच्या हाताखाली तयार झालेली होते. मी फडताळातून ताटली काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"मला मेलीला दिसत नाही, बाई," मी म्हटलं. "एवढं निवडून देता?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पदरानं नाक पुसलं. मग बाळ्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं जरा पुढं वाकल्या आणि एक मूग उचलला, एक चवळी उचलली.

शाळा सुटली तेव्हा दोन्ही ढीग वेगळे झाले होते. बाई गेल्यावर मी ते पुन्हा मिसळून ठेवले.